एक पाय आधी, एक पाय नंतर

"अपेक्षा काय तुमच्या?"

लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांना विचारावा तसा हा प्रश्न अक्का प्रत्येकाला विचारायच्या, आणि तोही समोरच्याचे पाय कोमट पाण्याच्या घंगाळात बुडवून झाल्यावर. पाय पाण्यात असलेला माणूस रागावून उठून जाऊ शकत नाही, हा त्यामागचा विचार. हे माझं म्हणणं नव्हे, त्यांनीच मला तसं सांगितलं होतं.

बेंगळुरूला इंदिरानगरच्या एका आतल्या रस्त्यावर त्यांचं जुनं बैठं घर होतं. आजूबाजूची घरं पाडून तिथे कॉफीची दुकानं, बिअरची हॉटेलं आणि ऑफिसं उभी राहिली होती. मधे हे एकच घर, पुढे चिक्कूचं झाड आणि बाजूला मोटार ठेवायची खोली. मोटार केव्हाच विकली होती. त्या खोलीत एक आरामखुर्ची, एक बुटकं स्टूल, घंगाळ, पावडरचा डबा आणि भिंतीवर तळपायाचा मोठा रंगीत नकाशा. अक्का तिथे लोकांचे पाय दाबायच्या. याला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. तळपायाच्या अमुक जागेचा शरीरातल्या तमुक अवयवाशी संबंध आहे असं धरायचं आणि अंगठ्यानं ती जागा दाबायची. बोटांच्या टोकांशी डोकं, मधल्या खोलगट भागात आतडी, असं त्या नकाशात रंगवलेलं होतं.

या नकाशावर तुमचा विश्वास आहे का, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला असले प्रश्न विचारल्याशिवाय पाय पुढे करता येत नाही. अक्कांनी नकाशाकडे पाहिलं, जणू तो त्यांच्या खोलीत कुणी परक्यानं आणून लावला होता.

"आमच्या बसस्टॉपवर बसचा नकाशा आहे बघ," त्या म्हणाल्या. "रस्ता बरोबर दाखवतो. म्हणून बस येतेच असं नाही की."

मग नकाशा लावलाच कशाला? तर लोकांना आवडतो म्हणून. भिंत मोकळी दिसली की लोक घड्याळाकडे बघत बसतात. कुणी दचकून विचारलं, इथे दाबल्यावर दुखतंय, म्हणजे माझं लिव्हर बिघडलंय का, की त्या शांतपणे सांगायच्या की इथे दुखतंय म्हणजे इथे दुखतंय. लिव्हरची शंका असेल तर रक्त तपासून घ्यावं. पायात लिव्हर नसतं.

अपेक्षांचा प्रकार तर ऐकण्यासारखा होता. एकदा माझ्या आधी एक बाई आल्या होत्या. समोरच्या उंच इमारतीत राहणाऱ्या, अंगठ्या-बांगड्यांनी भरलेल्या. त्यांनी धडाधड यादी सांगितली: शुगर कमी व्हावी, वजन उतरावं, गुडघा दुखायचा थांबावा आणि जमलं तर मुलीच्या लग्नाच्या काळजीनं डोकं दुखतं तेही जावं. अक्कांनी एकेक ऐकून घेतलं. शुगर नापास. वजन नापास. गुडघा हाडांच्या डॉक्टरकडे. डोकं दुखणं कदाचित हलकं होईल, कदाचित नाही, आणि मुलीचं लग्न ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी नक्की थांबेल. बाई चिडून म्हणाल्या, मग इथे मिळतं तरी काय? अक्कांनी सांगितलं की पाय हलके वाटतील, बहुतेक झोप बरी लागेल आणि तासभर फोन वाजणार नाही, कारण तो त्या स्वतः बाहेर चिक्कूखालच्या खुर्चीवर नेऊन ठेवणार होत्या. बाई पाय पाण्यात असल्यामुळे बसून राहिल्या. पुढे दर आठवड्याला येत राहिल्या. मुलीचं लग्न झाल्यावरही येत राहिल्या.

नापास हा शब्द त्यांच्या नोकरीतून आलेला होता. एका सरकारी कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या आणि तयार झालेला सुटा भाग पास की नापास हे ठरवणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे चांगलं काही दिसलं की आधी त्यातला दोष शोधायची सवय हाडात भिनलेली. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा म्हणून जयनगरला योगाच्या वर्गाला नाव घालायला गेल्या, तो वर्ग भरला होता, शेजारच्या खोलीत पाय दाबायला शिकवत होते, म्हणून तिकडे बसल्या. या विद्येकडे त्या कशा वळल्या याची एवढीच कथा आहे. लोकांना यापेक्षा मोठी हवी असायची.

दिसायला उंच, सडपातळ, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, मनगटात पुरुषी घड्याळ, अंबाड्यात अबोलीचा तुकडा. आणि पायात बाराही महिने राखाडी मोजे. एप्रिलच्या उन्हातही मोजे. जगाचे पाय हातात घेणाऱ्या या बाईचे स्वतःचे पाय मात्र कुणी पाहिलेले नव्हते. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, दुकानदार कधी आपल्याच दुकानात गिऱ्हाईक होतो का?

त्यांची मराठी ऐकून आधी मला हसू यायचं. त्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. "आम्ही घोड्यावरून आलो, तुम्ही विमानातून," असं त्या मला ऐकवायच्या. आमच्या मराठीत इंग्रजी जेवढी घुसली होती तेवढीच त्यांच्या मराठीत कन्नड. थोडं म्हणायचं तिथे स्वल्प, बरं म्हणायचं तिथे सरी आणि सगळ्यांत आवडता शब्द आगल्ल, म्हणजे होणार नाही, जमणार नाही. हा शब्द त्या इतक्या समाधानानं उच्चारायच्या की नकार ऐकून माणसाला उलट बरं वाटायचं. तुमची मराठी अशुद्ध आहे, असं माझा नवरा एकदा गमतीनं म्हणाला. शुद्ध मराठी बोलणाऱ्यांच्याच टाचा जास्त फुटलेल्या असतात, असं उत्तर मिळालं. त्यानंतर तो त्यांच्यासमोर बूट काढायचा नाही.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा नमस्काराचा. आपल्याकडे पायाला हात लावणं ही साधी गोष्ट नाही. धाकट्यानं मोठ्याच्या पायाला हात लावायचा, उलटं झालं तर पाप. अक्का तर सत्तरीच्या पुढच्या, आणि येणारे बहुतेक त्यांच्याहून लहान. कुणी ऑफिसातला तरुण मुलगा आला की पाय आखडून घ्यायचा, नको नको आंटी म्हणायचा. म्हणून अक्कांनी नियम केला. लहान असेल त्यानं आधी त्यांना वाकून नमस्कार करायचा. येणारा मोठा असेल तर अक्का आधी त्याला करणार. एकदा नमस्कार झाला की मानपान संपला आणि त्यानंतर पाय हा फक्त पाय. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब त्या मोटारीच्या खोलीत गुमान वाकलेले मी पाहिले आहेत. नमस्कार न करता कुणी बसला तर घंगाळात पाणीच पडायचं नाही.

आणखी एक सवय म्हणजे माणसं परत पाठवायची. ताप असला की परत. पायाला जखम असली की परत. एकदा परदेशाहून नुकताच आलेला एक जण पोटरी सुजून दुखते म्हणून दाबून घ्यायला आला. अक्कांनी लांबूनच बघितलं, एकच पोटरी सुजली आहे म्हटल्यावर हात मागे घेतले, आणि ऑटो थांबवून त्याला थेट हॉस्पिटलात धाडलं. शिरेत गुठळी असली तर चोळून ती सुटते आणि जिवावर बेतते, हे त्यांना वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं. गुठळी निघालीच. तो बरा होऊन पेढे घेऊन आला तेव्हा मात्र त्याचे पाय त्यांनी तब्येतीत दाबले.

एवढ्या काटेकोरपणामागे काहीतरी घडलेलं असणार, अशी माझी खात्री होती. कुणीतरी जवळचं माणूस औषधं सोडून असल्या उपायांच्या नादी लागलं असणार आणि हातचं गेलं असणार. मी फार नाजूकपणे विषय काढला. 

"काही नाही झालं गे," अक्का म्हणाल्या. "खरं बोलायला आधी घरात कुणी मरायला पाहिजे का?"

 तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ही वेळ माझ्याच घरावर येऊ घातली आहे.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, सांगलीला एकट्या राहायच्या. त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन तिकडेच झालं आणि पुढच्या औषधांसाठी नवरा त्यांना बेंगळुरूला घेऊन आला. औषध म्हणजे केमो. आईंनी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही, त्या सुया म्हणायच्या. पहिल्या दोन सुयांनी त्यांची पार दशा केली. केस गेले त्याचं त्यांना फार वाटलं नाही, पण तोंडाची चव गेली, अन्नाच्या वासानं मळमळायला लागलं आणि झोप उडाली. ज्या बाईनं जन्मभर घर गाजवलं ती खिडकीशी बसून खालच्या वसाहतीतली झाडं बघत राहायची. मला त्यांचा धाक वाटायचा ते दिवसच बरे होते असं वाटायला लागलं.

डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, हलक्या हातानं पाय दाबून बरं वाटत असेल तर जरूर दाबून घ्या, जोर नको, ताप असला तर नको. औषध चालूच राहील. मी आईंना अक्कांकडे घेऊन गेले.

तिथे आधी नमस्कारावरून अडलं. आमच्या सांगलीकडेही अक्का म्हणजे थोरली बहीण. थोरल्या बहिणीच्या वयाची बाई आपल्या पायाशी बसणार म्हटल्यावर आई घाबरल्याच. मला नरकात पाठवता का, म्हणाल्या. आणि नमस्कार करावा तर वाकता येईना, वाकलं की ऑपरेशनच्या जागी ओढ लागायची. मला वाटलं आता दोघी म्हाताऱ्या इथेच दिवसभर उभ्या राहणार. अक्कांचा नियम मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बाकी ठेवा नमस्कार," अक्का शेवटी म्हणाल्या. "बऱ्या झाल्यावर वाकून करा. मी कुठं जाते?"

आईंना ते पटलं नाही, पण त्या बसल्या. पाय पाण्यात गेले आणि प्रश्न आला. आईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आजवर त्यांनी कुणापाशी काही मागितलं नव्हतं, मुलाकडेही नाही. त्या म्हणाल्या, उलटी न होता एक भाकरी खायची आहे. आणि बरं व्हायचं आहे. अक्कांनी सांगितलं की भाकरीचं बघू, बरं व्हायचं काम तिकडे हॉस्पिटलात, इथे आगल्ल. आईंनी मान हलवली. त्यांनी ते ऐकलं होतं की नाही, मला शंकाच आहे.

अक्कांचं काम पाहत राहावं असं होतं. आधी उजवा पाय मांडीवरच्या पंच्यात घ्यायच्या, पावडर लावायच्या, घोटा हळूच फिरवायच्या. मग अंगठा सुरवंटासारखा तळपायावरून सरकत जायचा. जोर अगदी बेताचा, तोंडानं अवाक्षर नाही. शेजारच्या हॉटेलातलं धडधडणारं संगीत भिंतीतून येत असायचं आणि तरीही खोली शांत वाटायची. उजवा संपला की तो पंच्यात गुंडाळून ठेवायचा आणि मग डावा. त्या दिवशी डावा संपायच्या आत आई झोपल्या. खुर्चीत, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलासारख्या. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन चिक्कूच्या झाडाखाली उभी राहिले.

चार-पाच वेळा गेल्यावर आई सलग झोपायला लागल्या. एका दुपारी त्यांनी ज्वारीची भाकरी मागितली, दुधात कुस्करून सगळी खाल्ली आणि ती पोटात राहिली. त्या संध्याकाळी नवऱ्यानं चक्क शीळ घातली. आम्ही सगळे खुशीत होतो, आणि तिथेच घोळ झाला. आईंनी आपल्या मनाशी हिशेब मांडला: सुयांनी मी खंगत होते, अक्कांच्या हातानं भरून यायला लागले. म्हणजे सुया हे विष आणि अक्कांचा हात हे औषध. पुढची सुई आठवड्यावर आली तेव्हा जेवणाच्या टेबलाशी त्यांनी जाहीर करून टाकलं की आता सुई नाही. मुलानं समजावलं, मग आवाज चढवला, मग हात जोडले. आईंनी ताट स्वच्छ पुसून खाल्लं आणि उठल्या.

नवरा माझ्यावर उखडला. त्या बाईकडे नेलंस कशाला, म्हणाला. मी भांडले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशननंतर मागे राहिलेलं काही असेल तर ते या औषधानंच मरेल आणि ते अर्ध्यात सोडायचं नाही. आईंना बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्यानंच त्या मरणार होत्या. एवढी भीती मला त्याआधी कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईंची अक्कांकडे जायची पाळी होती. अक्कांना आधी फोन करून सांगावं की नको, याचा विचार करता करता आम्ही पोचलोसुद्धा. सांगायची गरज पडलीच नाही. उजवा पाय झाला, अक्कांनी तो गुंडाळून ठेवला आणि डावा हातात घेतला, तेव्हा आईंनी मोठ्या कौतुकानं त्यांना बातमी दिली. सुया बंद करते आहे, गुण सगळा तुमच्याच हाताला आहे.

अक्कांचा अंगठा थांबला. त्यांनी डाव्या पायाची पावडर पुसली, तो खाली चपलेत ठेवला, मग उजवा सोडवून त्याच्याशेजारी ठेवला. हात धुतले. आई बघत राहिल्या. डावा राहिला की, म्हणाल्या.

"राहू दे. सुई घेऊन या, मग डावा."

आईंना वाटलं थट्टा आहे. अक्का स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसल्या.

"ऐका बाई. मी दाबलं म्हणून तुम्हाला झोप आली, खरं. भाकरी गेली, तेही खरं असेल. पण गाठीला माझा अंगठा माहीत नाही. औषधाचा त्रास सोसता यावा म्हणून मी आहे. औषधाच्या जागी मी नाही. माझ्या भरवशावर सुई सोडणार असाल तर मला तुमचा पाय नको."

एवढं बोलून त्या आत गेल्या. आम्ही बराच वेळ बसून राहिलो, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

इथे माझ्या सासूबाईंचा स्वभाव सांगायला हवा. अर्धवट गोष्ट त्यांना सहन होत नाही. ताटात अर्धी पोळी राहिली तर त्या कुणाला उठू द्यायच्या नाहीत. विणायला घेतलेला स्वेटर बाळ मोठं होऊन माप सरलं तरी पुरा करायच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी कपडे अर्धे वाळत घालून फोनवर बोलायला गेले होते, तर ते अजून निघतं. अशा बाईचा एक पाय दाबलेला आणि एक पाय तसाच.  घरी आल्यावर म्हणाल्या, एक पाय हलका आणि एक जड, चालताना खड्ड्यात पडल्यासारखं होतंय. मी बसून डावा पाय दाबून दिला. तू दाबलास ते वेगळं, म्हणाल्या. मुलानं दाबला. तोही नापास. नापास हा शब्द त्यांच्याही तोंडात आला होता.

पुढचे दिवस त्यांनी अक्कांना मनसोक्त नावं ठेवली. माझा पाय ओलीस ठेवलाय त्या बाईनं, असं त्या सांगलीला फोन करकरून सांगत होत्या. आम्ही काहीच बोलत नव्हतो. बोललो असतो तर सगळं फिसकटलं असतं. सुईच्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई नेसून तयार, डोक्याला रुमाल बांधलेला, पिशवीत लिंबू आणि पाण्याची बाटली.

"चला," त्या म्हणाल्या. "होऊन जाऊ दे एकदाचं. आणि तिथून सरळ तिकडं जायचंय."

सुई लागली. मी डॉक्टरांना विचारून घेतलं, आजच चालेल का म्हणून. त्या हसल्या, म्हणाल्या, त्यांना हवं असेल तर चालेल, अगदी हलक्या हातानं. हॉस्पिटलच्या दारात ऑटोत बसल्यावर मला रडू फुटलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ऑटोवाल्याला हिंदीत सांगितलं की इंदिरानगर, और जरा जल्दी.

अक्का चिक्कूच्या झाडाखाली अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. आईंच्या मनगटावर अजून कापूस आणि चिकटपट्टी होती. ती त्यांनी तपासणी विभागात दाखवावी तशी अक्कांच्या नाकासमोर धरली. अक्कांनी नीट पाहिली, सरी म्हणाल्या आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवून पाणी तापवायला उठल्या. त्या दिवशी त्यांनी फक्त डावा पाय दाबला. आईंना दोन दिवस नेहमीसारखाच त्रास झाला, उलट्या झाल्या, सगळं झालं. अक्कांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आई त्यांच्यावर रागावल्या नाहीत.

तेव्हापासून तीच रीत पडली. सुईच्या आदल्या दिवशी उजवा पाय, सुई झाल्यावर डावा. मधल्या दिवसांत दोन्ही. आईंच्या दृष्टीनं सुई ही आता दोन पायांच्या मधली एक गोष्ट झाली. एकदा सुई पुढे ढकलली, रक्तातल्या पेशी कमी झाल्या होत्या, तर आई डॉक्टरांवरच चिडल्या. माझा एक पाय झालेला आहे, आता काय करू, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना काही कळेना. मी तोंडावर पदर धरून हसत होते.

शेवटची सुई पार पडली. पुढच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाल्या की सध्या सगळं चांगलं दिसतंय, ठरल्याप्रमाणे येऊन दाखवत राहा. आईंनी बेसनाचे लाडू केले, स्वतः उभं राहून, बेसन स्वतः भाजून. डबा घेऊन आम्ही अक्कांकडे गेलो. अक्कांनी डब्याला हात लावायच्या आधी विचारलं की डॉक्टरांना दिले का. दिले. मोठा डबा त्यांना दिला का? आई म्हणाल्या, हो बाई, मोठा त्यांनाच दिला. मग अक्कांनी लाडू खाल्ला, आणि किंचित कच्चट आहे म्हणाल्या.

आता आम्ही देवनहळ्ळीकडे राहायला गेलो आहोत. अक्कांचं घर पाडून तिथे काहीतरी काचेचं उभं राहतंय आणि त्या होसकोटेला भाच्याकडे असतात. तिथेही खोली आहे, नकाशाही आहे, आणि नमस्काराचा नियमही आहे असं ऐकते. आई सांगलीला परत गेल्या. त्यांचे केस आले, आधीपेक्षा दाट आले. गल्लीतल्या बायकांचे पाय त्या हौसेनं दाबून देतात आणि आधी अपेक्षा विचारतात. तपासणीला बेंगळुरूला आल्या की होसकोटेची फेरी ठरलेली. पण मला आठवते ती लाडवांच्याच दिवसाची दुपार.

लाडू खाऊन झाल्यावर आई म्हणाल्या, माझा नमस्कार बाकी आहे. अक्का उठायला लागल्या तर आईंनी त्यांना आरामखुर्चीतच बसवून ठेवलं. मग त्या सावकाश वाकल्या. ऑपरेशनच्या बाजूचा, इतके महिने भिंतीवर बोटं चढवण्याचे व्यायाम करून सैल केलेला हात पुढे आला. त्यांनी मोज्यांवर डोकं टेकवलं. मला वाटलं आता उठतील, पण त्या तिथेच बुटक्या स्टुलावर बसल्या आणि अक्कांचा मोजा काढायला लागल्या. अक्का नको नको म्हणत होत्या, कन्नडमध्ये, मराठीत, दोन्हींत. आईंनी लक्ष दिलं नाही. मोजे निघाले. अंगठ्यापाशी हाड वाढून बाहेर आलेलं, बोटं एकमेकांवर चढलेली, टाचा फुटलेल्या. आयुष्यभर कारखान्यात उभं राहून काम केलेल्या बाईचे पाय. त्यांना कुणाचा हात लागल्याला किती वर्षं झाली असतील, देव जाणे.

मी घंगाळात पाणी आणून ठेवलं. आईंनी दोन्ही पाय त्यात सोडले.

"अपेक्षा काय तुमच्या?" त्यांनी विचारलं.

 अक्का भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिल्या. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"हे अंगठ्याजवळ आहे ना. फार दुखतं गे."

"थांबेल असं मी सांगत नाही," आई म्हणाल्या, आणि उजवा पाय पंच्यात घेतला.

थोड्या वेळानं अक्कांचा डोळा लागला. आईंनी उजवा पाय संपवला, नीट गुंडाळून ठेवला आणि डावा घेतला. मी म्हटलं, झोपल्या आहेत, आता राहू दे. पण अर्धवट सोडणं त्यांना कधी जमलेलं नाही.